बाजूला सरलेला चित्रकार

इसवी सन 1916 च्या उन्हाळ्यात, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, ईशान्य फ्रान्समधील सँ-दिझिए या गावच्या लष्करी मनोरुग्णालयात वीस वर्षांचा एक वैद्यकीय विद्यार्थी साहाय्यक म्हणून रुजू झाला. तोफांच्या भडिमाराने ज्यांचे भान हरपले होते अशा सैनिकांच्या जबान्या टिपून घेणे, त्यांची स्वप्ने आणि असंबद्ध बोलणे वहीत उतरवणे, आणि त्यांतून त्यांच्या दुखण्याचा माग काढण्याचा प्रयत्न करणे हे त्याचे काम होते. तेथे त्याला एक सुशिक्षित सैनिक भेटला. हा मनुष्य खंदकाच्या कठड्यावर उभा राहून वरून जाणाऱ्या तोफगोळ्यांना बोटाने दिशा दाखवीत असे; कारण हे सारे युद्धच बनावट आहे, जखमा रंगवलेल्या आहेत आणि प्रेते शवविच्छेदनगृहातून आणून रणांगणावर पसरली आहेत, अशी त्याची दृढ समजूत होती. विद्यार्थ्याचे नाव आंद्रे ब्रताँ. भ्रमिष्टाच्या बोलण्यालाही स्वतःचा एक तर्क असतो, आणि जागृत बुद्धीचा अंमल त्यावर चालत नसल्यामुळेच त्यातून विलक्षण धीट प्रतिमा उभ्या राहतात, हे त्याने तेथे प्रत्यक्ष ऐकले. अतिवास्तववादी चळवळीचा उगम शोधणाऱ्याने पॅरिसच्या कलादालनांकडे वळण्यापूर्वी या रुग्णालयात क्षणभर थांबावे, असे मला वाटते. कारण पुढे चित्रकलेच्या व्यवहारात या चळवळीने जी उलथापालथ केली तिचे बीज तेथे पडले.

फ्रॉइडचे ग्रंथ त्या काळी फ्रेंच भाषेत उतरलेले नव्हते. ब्रताँला त्याची ओळख फ्रेंच वैद्यांनी लिहिलेल्या सारग्रंथांतून झाली. मनात येईल ते, कसलीही निवड न करता, रुग्णाने बोलत जावे, ही फ्रॉइडची रीत होती. ब्रताँने ती रुग्णालयाबाहेर आणली. 1919 साली त्याने आणि फिलिप सूपो या त्याच्या कविमित्राने काही दिवस अखंड, शक्य तितक्या वेगाने, मागचे न वाचता लिहीत जाऊन एक गद्यकाव्य सिद्ध केले, आणि ते ‘चुंबकीय क्षेत्रे’ या नावाने पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाले. वैद्याला त्या बोलण्यातून रोग हुडकायचा होता, तर ब्रताँला तेच बोलणे माणसाची दडवून ठेवलेली संपत्ती वाटत होते. दोघांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या, आणि 1921 साली ब्रताँ व्हिएन्नाला जाऊन फ्रॉइडला भेटला तेव्हा तो निराश होऊन परतला याचेही कारण बहुधा हेच असावे.

दरम्यान झुरिकमध्ये 1916 साली जन्मलेली दादा चळवळ पॅरिसला पोहोचली होती. ज्या संस्कृतीने कोट्यवधी तरुणांना खंदकांत लोटले तिची कला, तिचा तर्क आणि तिची सभ्यता यांना साफ नाकारणे हा दादावाद्यांचा बाणा होता, आणि ब्रताँ काही काळ त्यांच्यात रमलाही. परंतु निव्वळ नकारावर कोणतीच सृष्टी फार दिवस उभी राहत नाही. ऑक्टोबर 1924 मध्ये त्याने आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला, आणि नव्या पंथाला नाव दिले ते गियोम आपोलिनेर या दिवंगत कवीने 1917 साली प्रथम वापरलेल्या शब्दावरून. बुद्धीचे नियंत्रण आणि सौंदर्याचे व नीतीचे सारे दंडक दूर सारून विचाराचा मूळ ओघ जसाच्या तसा प्रकट होऊ देणे, असा त्या जाहीरनाम्याचा इत्यर्थ आहे. त्याच महिन्यात पॅरिसच्या ग्रनेल रस्त्यावर, 15 क्रमांकाच्या घरात, ‘अतिवास्तव संशोधन कचेरी’ उघडण्यात आली. दररोज दोन सभासदांनी पाळीने हजर राहावे, येईल त्याची स्वप्ने, योगायोग आणि विलक्षण अनुभव नोंदवून घ्यावेत आणि दिवसभराची हकीकत रोजनाम्यात लिहावी, असा तेथील शिरस्ता होता. 1 डिसेंबर 1924 रोजी निघालेल्या ‘अतिवास्तव क्रांती’ या नियतकालिकाचे बाह्यरूपही मुद्दाम एका शास्त्रीय मासिकासारखे ठेवलेले होते. स्वप्नाळू कवींच्या टोळक्याचे हे नाटक होते असे कित्येकांनी म्हटले आहे. मला मात्र या कचेरीत आणि तिच्या रोजनाम्यात त्यांची कळकळ दिसते. अज्ञात प्रदेशाची पाहणी करायची तर दफ्तर नीट ठेवले पाहिजे, हे रुग्णालयात शिकलेला ब्रताँ विसरला नव्हता.

ही सारी खटपट लेखकांची होती. चित्रकारांची नावे जाहीरनाम्यात आली ती केवळ एका तळटीपेत. किंबहुना अतिवास्तववादी चित्रकला संभवते तरी काय, असाच प्रश्न लवकरच उभा राहिला, आणि नियतकालिकाच्या पहिल्या संपादकांपैकी एक असलेल्या पिएर नाविल याने एप्रिल 1925 च्या अंकात ती संभवत नाही असे स्पष्ट लिहून टाकले. त्याच्या आक्षेपात तथ्य होते. लेखणी मनाच्या वेगाने धावू शकते. पण कॅनव्हास ताणायचा, अस्तर द्यायचे, रंग कालवायचे, एक थर वाळण्याची वाट पाहायची आणि मग दुसरा चढवायचा, या सगळ्यात जागृत बुद्धीला घरात शिरायला हजार वाटा मोकळ्या राहतात. स्वप्न पाहून झाल्यावर ते आठवून आठवून रंगवणे म्हणजे ओघ पकडणे नव्हे, ओघाची नंतर केलेली नक्कल. ब्रताँने पुढच्याच अंकापासून संपादकत्व स्वतःकडे घेतले आणि चित्रकलेवर लेखमाला सुरू करून तिची बाजू मांडली; तथापि नाविलच्या आक्षेपाला खरे उत्तर मिळाले ते चित्रकारांच्या हातून, आणि ते मिळवताना त्यांनी चित्र काढण्याची क्रियाच नव्याने घडवली.

आंद्रे मासों हा त्यांतला पहिला. 1917 साली रणांगणावर छातीत गोळी लागून तो मरता मरता वाचला होता, आणि त्या जखमेची आठवण त्याच्या चित्रांतून कधी पुसली गेली नाही. तो शाईची लेखणी कागदावर ठेवी आणि काय काढायचे याचा विचार न करता हात फिरू देई. रेषांच्या त्या गुंत्यातून हळूहळू एखादा हात, पक्षी, मासा दिसू लागे, आणि दिसेल तेवढाच तो स्पष्ट करी. तैलरंग या वेगाला पुरे पडेनात, तेव्हा 1926 च्या सुमारास त्याने कॅनव्हासवर गोंद ओतून त्यावर वाळू भुरभुरली, जादा वाळू झटकली आणि चिकटून राहिलेल्या डागांनी सुचवलेले रूप रेषांनी आणि थोड्या रंगाने बाहेर काढले. ‘माशांचे युद्ध’ हे त्याचे चित्र असेच तयार झाले.

माक्स अर्न्स्टने याहून पुढची मजल मारली. जर्मनीत, कलोनजवळच्या ब्र्युल गावी 1891 साली जन्मलेला हा चित्रकार स्वतः तोफखान्यात लढून आलेला होता. त्याने नंतर लिहून ठेवलेल्या हकीकतीप्रमाणे, 10 ऑगस्ट 1925 रोजी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील पोर्निक गावच्या एका खानावळीत, पावसाळी सायंकाळी, वारंवार धुतल्यामुळे रेषा उमटून आलेल्या लाकडी जमिनीकडे त्याची दृष्टी खिळून राहिली. लहानपणी तापात असताना पलंगासमोरच्या लाकडी फळीच्या खोट्या रेषांत त्याला नाना आकृती दिसत असत, ते सारे त्याला आठवले. त्याने कागद घेतले, ते जमिनीवर कुठेही पडतील तसे पडू दिले आणि त्यांवर काळ्या शिसाने घासत सुटला. आपल्याकडील शाळकरी मुले नाण्यावर कागद धरून पेन्सिल घासतात, तितकीच ही साधी क्रिया. पण कागदावर उतरलेल्या लाकडाच्या शिरांतून अर्न्स्टला अरण्ये, समुद्र, पक्षी, डोळे आणि कोणत्याही प्राणिशास्त्राला ठाऊक नसलेले जीव दिसू लागले. मग पाने, गोणपाट, सुटलेला दोरा, जे हाती येईल ते कागदाखाली जाऊ लागले, आणि 1926 साली ‘निसर्गेतिहास’ या नावाने अशा 34 चित्रांचा संच प्रसिद्ध झाला. पुढे त्याने हेच तत्त्व तैलरंगांत नेले: रंगाचे थर दिलेला कॅनव्हास खडबडीत वस्तूंवर ठेवून रंग खरवडायचा आणि उमटलेल्या पोतातून चित्र वाचायचे.

या रीतीत नवे काय आहे ते नीट पाहिले पाहिजे. कारण भिंतीवरील डागांत डोंगर आणि लढाया पाहाव्यात असा सल्ला लिओनार्दोनेही आपल्या शिष्यांना दिला होता आणि अर्न्स्टला तो चांगला ठाऊक होता. लिओनार्दोला डाग हवा होता तो चित्रकाराच्या कल्पनेला चेतवण्यापुरता. एकदा कल्पना जागी झाली की पुढचा सारा कारभार निष्णात हाताचा. अर्न्स्टने तो कारभारच वाटून दिला. चित्राचा आरंभ करण्याचा हक्क त्याने लाकडाला, पानाला आणि योगायोगाला दिला, स्वतः बाजूला सरून चित्राच्या जन्माचा साक्षीदार झाला, आणि मगच, जे दिसले ते निवडण्यासाठी आणि उजळण्यासाठी पुढे आला. पाश्चात्य चित्रकलेत प्रबोधनकाळापासून चित्रकाराच्या संकल्पाला जे निरंकुश स्वामित्व मिळाले होते, त्याचा येथे स्वखुशीने त्याग झालेला आहे, आणि अतिवास्तववादाची आधुनिक कलेला मिळालेली सर्वांत मोठी देणगी ती हीच, असे माझे मत आहे.

कातालोनियातून आलेला जुआन मिरो पॅरिसमध्ये मासोंचा शेजारी होता. त्याचे ‘विश्वाचा जन्म’ हे 1925 सालचे, सुमारे अडीच मीटर उंचीचे चित्र पाहिले की या क्रियेचे दोन टप्पे डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. प्रथम त्याने कॅनव्हासला मुद्दाम असमान अस्तर दिले, म्हणजे पातळ रंग कोठे मुरला, कोठे वर तरंगला. मग रंग ओतला, उडवला, चिंधीने पुसला. त्या धूसर विस्तारावर नंतर त्याने एक काळा त्रिकोण, एक तांबडे वर्तुळ आणि मोजक्या रेषा अशा काही ठेवल्या आहेत, की त्यांपैकी एकही बोटभर सरकवता येऊ नये. मोकळीक आणि काटेकोरपणा यांचा असा मेळ मला त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याच चित्रात इतका निर्मळ दिसत नाही.

सामान्य वाचकाच्या मनात अतिवास्तववाद म्हटले की जे उभे राहते, ते मात्र साल्वादोर दालीचे वितळते घड्याळ. दाली 1929 साली या मंडळीत आला आणि ‘स्मृतीचे सातत्य’ हे चित्र त्याने 1931 साली रंगवले. ज्याची कीर्ती जगभर पसरली त्या चित्राची लांबी-रुंदी अवघी 33 व 24 सेंटिमीटर आहे. त्याची वाट अर्न्स्टच्या नेमकी उलट होती. भ्रमाची अवस्था स्वतःत जाणीवपूर्वक जागवायची आणि त्यातून आलेली प्रतिमा जुन्या उस्तादांच्या गुळगुळीत, निर्दोष हाताने हुबेहूब रंगवायची, ही त्याची पद्धत. बेल्जियमचा रने माग्रीत हाही बारकाईने रंगवी, पण त्याचा हेतू अधिक गंभीर होता: रोजच्या ओळखीच्या वस्तू, सफरचंद, टोपी, पाईप, अशा रीतीने एकत्र आणायच्या की पाहणे आणि नाव देणे यांतला आपला विश्वास डळमळावा. जाहिरातींच्या कलेने त्याच्याकडून इतके उसने घेतले आहे की आज त्याचे मूळ चित्र प्रथमच पाहणाऱ्यालाही ते ओळखीचे वाटते. दालीचे कौशल्य मी नाकारीत नाही. परंतु त्याच्या प्रसिद्धीच्या झगमगाटात ही चळवळ म्हणजे विचित्र स्वप्नांचे चित्रण एवढाच लोकांचा समज झाला, ही तिची मोठी हानी होय. 1938 साली लंडनमध्ये वृद्ध फ्रॉइडची आणि दालीची भेट झाली, तेव्हा जुन्या उस्तादांच्या चित्रांत आपण नेणिवेचा शोध घेतो, पण तुमच्या चित्रांत मात्र जाणिवेचा, अशा अर्थाचे उद्गार फ्रॉइडने काढल्याचे स्वतः दालीनेच नोंदवून ठेवले आहे. तेरा वर्षांपूर्वी नाविलने घेतलेला आक्षेप याहून फार वेगळा नव्हता.

चळवळीच्या अंतर्गत राजकारणाबद्दल थोडक्यात लिहितो. ब्रताँने तिचा कारभार कडक हाताने चालवला. चौकशा झाल्या, फैसले झाले, कित्येक जिवलग बडतर्फ झाले. साम्यवादी पक्षाशी जुळलेले सूत तुटले. पण 1925 साली मोरोक्कोतील वसाहतयुद्धाला आणि 1931 साली पॅरिसमधील वसाहतींच्या भव्य प्रदर्शनाला या मंडळींनी उघड विरोध केला होता, हे आपल्यासारख्या एके काळच्या पारतंत्र्यातील देशाच्या वाचकांनी कृतज्ञतेने लक्षात ठेवावे.

चित्राच्या चौकटीबाहेरही त्यांनी हात घातला. 1936 साली मेरेट ओपेनहाइम या बावीस वर्षांच्या कलावतीने एक साधा कप, बशी आणि चमचा विकत घेऊन त्यांना हरणाच्या केसाळ कातड्याने मढवले. ओठांना होणाऱ्या स्पर्शाची कल्पना करताच अंगावर काटा यावा, असे सामर्थ्य त्या एवढ्याशा वस्तूत आहे. 1938 च्या जानेवारीत पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मार्सेल द्युशाँने दालनाच्या छताला कोळशाची बाराशे पोती टांगली, खाली पालापाचोळा पसरला, आणि उद्घाटनाच्या रात्री प्रेक्षकांच्या हाती विजेऱ्या देऊन त्यांना अंधारात चित्रे शोधायला लावले. आज मांडणीशिल्प म्हणून जो प्रकार जगभरच्या संग्रहालयांत रूढ आहे, त्याच्या पूर्वजांत या प्रदर्शनाचे स्थान मानाचे आहे.

1940 साली फ्रान्स पडला. नाझींच्या यादीत असलेले कलावंत मार्सेय बंदराकडे धावले. जन्माने जर्मन म्हणून अर्न्स्टला फ्रेंचांनी विटांच्या एका बंद कारखान्यात स्थानबद्ध केले होते, आणि जर्मनीत तर त्याची कला ‘भ्रष्ट’ म्हणून आधीच निषिद्ध ठरलेली होती. व्हेरियन फ्राय या अमेरिकन तरुणाने परवाने, पैसे आणि प्रसंगी बनावट कागदपत्रे मिळवून शेकडो माणसांना बाहेर काढले. मार्सेयबाहेरील एका बंगल्यात बोटीची वाट पाहत असताना ब्रताँ आणि त्याचे मित्र पत्त्यांचा नवा जोड चितारीत बसत. मार्च 1941 मध्ये ब्रताँ ज्या बोटीने निघाला तिच्यावर क्यूबाचा चित्रकार विफ्रेदो लामही होता. मायदेशी परतल्यावर लामने 1943 साली ‘अरण्य’ हे प्रचंड चित्र रंगवले. उसाच्या दांड्यांत मिसळून गेलेल्या त्या मुखवटाधारी आकृतींत गुलामगिरीचा आणि आफ्रिकी पूर्वजांच्या देवतांचा इतिहास अशा तीव्रतेने बोलतो, की अतिवास्तववाद ही फक्त पॅरिसची मिरास नव्हती याविषयी शंका उरत नाही.

न्यूयॉर्कमध्ये ब्रताँने इंग्रजी शिकण्याचे नाकारले. पण चिलीहून आलेला रोबेर्तो माता तरुण अमेरिकन चित्रकारांच्या घोळक्यात सहज वावरे, आणि स्वयंचलित रेखाटनाची रीत त्याने 1942 च्या सुमारास रॉबर्ट मदरवेल, जॅक्सन पोलॉक इत्यादिकांना दाखवली. ज्याची आई आर्मेनियनांच्या संहारातून निसटल्यावर उपासमारीने मुलाच्या डोळ्यांदेखत मेली होती, त्या आर्शाइल गोर्कीच्या हाती ही रीत आल्यावर काय झाले ते त्याच्या 1944 च्या चित्रांत दिसते: पातळ, ओघळणारा रंग आणि त्यावरून भटकणारी रेषा यांत आईच्या ॲप्रनवरील वेलबुट्टी, गावची बाग, शरीर आणि शोक एकमेकांत विरघळून गेले आहेत. अर्न्स्टने याच सुमारास छिद्र पाडलेला रंगाचा डबा दोरीला टांगून कॅनव्हासवर झुलवला होता. पोलॉकने 1947 पासून जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळवण्याची जी पद्धत स्वीकारली ती या डब्यापासूनच निघाली, असे म्हणणे धाडसाचे होईल. तो स्वतः तर आपल्या चित्रांत अपघात नसतोच असे निक्षून सांगे. परंतु चित्र म्हणजे आधी ठरलेल्या कल्पनेची अंमलबजावणी नसून करता करता सापडणारी गोष्ट आहे, ही श्रद्धा त्याच्यापर्यंत पोहोचली ती या निर्वासितांकडूनच. त्यांच्या प्रतिमा त्याने टाकून दिल्या आणि क्रिया तेवढी ठेवली.

तीच क्रिया दुसऱ्या एका वाटेने भारतीयांपर्यंत आली. स्टॅन्ली विल्यम हेटर हा मूळचा रसायनशास्त्रज्ञ असलेला इंग्रज मुद्राचित्रकार अतिवास्तववाद्यांबरोबर चित्रे मांडीत असे. पॅरिसमध्ये त्याने 1927 साली काढलेली कार्यशाळा ‘आतेलिए 17’ या नावाने प्रसिद्ध झाली, युद्धकाळात ती न्यूयॉर्कला गेली, तेथे पोलॉकनेही तिच्यात काम केले, आणि 1950 साली ती पॅरिसला परतली. धातूच्या पत्र्यावर कोरणी धरून पत्राच फिरवायचा आणि रेषा कुठे जाते ते पाहायचे, असे हेटरचे शिक्षण होते. मुंबईचे कैको मोती आणि शांतिनिकेतनात शिकलेले कृष्ण रेड्डी यांनी या कार्यशाळेत, शाईतील तेलाचे प्रमाण आणि रुळांचा मऊ-कठीणपणा यांचा मेळ घालून, एकाच पत्र्यावरून एकाच दाबात अनेक रंग उठवण्याचे तंत्र विकसित करण्यात मोठा वाटा उचलला. रवींद्रनाथांचे उदाहरण याहून निराळे आहे. हस्तलिखितातील खोडलेल्या शब्दांना रेषेने जोडता जोडता त्यांच्या लेखणीतून चमत्कारिक पक्षी आणि मुखे निर्माण झाली, आणि मे 1930 मध्ये त्यांचे पहिले चित्रप्रदर्शन भरले ते पॅरिसमध्येच. कोणत्याही पंथाची दीक्षा न घेता ते त्याच ठिकाणी येऊन पोहोचले होते. आपल्या प्रभाकर बरव्यांना अतिवास्तववादी म्हणणे योग्य होणार नाही. पण सपाट रंगाच्या निर्वात अवकाशात एखादे पान, घड्याळ किंवा फळ तरंगत ठेवणारी त्यांची चित्रे, आणि 1990 साली निघालेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक, यांकडे या इतिहासाची माहिती असलेला वाचक अधिक समृद्ध दृष्टीने पाहील.

एका गोष्टीत या चळवळीने मोठा अन्याय केला आणि तो सांगितलाच पाहिजे. स्त्रीला तिने प्रेरणा मानले, देवता मानले, पण बरोबरीची कलावती मानायला फार उशीर लावला. लिओनोरा कॅरिंग्टन ही इंग्रज आणि रेमेदिओस वारो ही स्पॅनिश, या दोघी युद्धातून जीव वाचवून मेक्सिकोला पोहोचल्या, तेथे त्यांची जन्माची मैत्री जडली, आणि पॅरिसच्या मंडळींच्या छायेबाहेर त्यांची खरी कला फुलली. वारोचे वडील जलअभियंता होते. नकाशे आणि यंत्रांचे आराखडे काढण्याची शिस्त तिने लहानपणीच त्यांच्याकडून उचलली होती. ती चित्राचा आरंभ करी तो ओल्या रंगावर कागद दाबून, किंवा रंगावर फुंकर घालून. जे डाग, शेवाळ, धुके, भिंतींचे पोपडे आपोआप उमटत, त्यांतून ती जागा निवडी, आणि मग अतिबारीक कुंचल्याने, अभियंत्याच्या काटेकोरपणाने, त्यात आपल्या सृष्टीची माणसे वसवी. पंचवीस वर्षे ज्या दोन वाटा, अर्न्स्टची आणि दालीची, एकमेकींकडे पाठ फिरवून चालत होत्या, त्या तिच्या फलकावर एकत्र येतात; आणि माझ्या दृष्टीने ‘पक्ष्यांची निर्मिती’ हे तिचे 1957 सालचे चित्र नाविलच्या आक्षेपाला मिळालेले सर्वांत पूर्ण उत्तर आहे. तिचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन मेक्सिको शहरात 1956 साली भरले तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. पुढे सातच वर्षांनी ती वारली, आणि ज्या काळात तिने आपली मुख्य चित्रे काढली तो सारा मिळून एका तपाहूनही कमी भरतो.